आठ दिवसांची सावड

पुण्याजवळच्या चांदे गावातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिन्यातून एकदा एक मेसेज फिरतो. ‘तांदूळवाल्या ताई या रविवारी येणार का?’ मग त्याखाली पंधरा-वीस जण आपापला फ्लॅट नंबर टाकतात. त्या ताई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण. दहावीला गणितात दोनदा नापास झालेली. मी या सोसायटीत सहा वर्षं राहतेय, वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, आणि मी कधी येणार, कधी जाणार, हे आजवर कुणीही ग्रुपवर विचारलेलं नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई जळते आहे. जळतेच आहे. उगाच लपवत बसत नाही.

आमच्या कोळवण खोऱ्यातल्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं मी पौडला जायची. आई अंथरुणाला खिळलेली, गोठ्यात दोन म्हशी, त्यामुळे दोघींपैकी एकीनं घरी राहणं भाग होतं. धाकटी नापास झाली आणि प्रश्न आपोआप सुटला. निदान मी तरी असंच धरून चालले. पुढं तिला गावातच दिली, चार घरं सोडून.

मला तांदूळ पाकिटात भरून विकणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात नोकरी लागली. आमच्या खोऱ्यात इंद्रायणी पिकतो हे साहेबांना मीच सांगितलं. कंपनीची गाडी गावात मीच नेली. पारावर टेबल टाकायचं, मी खुर्चीत बसायची, भाताची ओल मोजायचं यंत्र माझ्या हातात. ‘पोरीला शिकवून काय उपयोग, भांडी घासायची ती घासणारच’ असं वडिलांना सुनावणारे आमचे चुलते स्वतः ती खुर्ची पुसून द्यायचे आणि मला मॅडम म्हणायचे. मला ती खुर्ची फार आवडायची. भाव वरच्या ऑफिसात ठरायचा, तो मी फक्त वाचून दाखवायची. ओल जास्त निघाली की पोतं परत. लोक गयावया करायचे, मी यंत्राकडं बोट दाखवायची.

एकदा मी धाकटीला कंपनीचं पाकीट भेट म्हणून दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं. पाकिटावर हसऱ्या बाईचा फोटो होता, डोक्यावर भाताचा भारा.

“आक्का, ही कुणाची कोण?”

“कुणाची नाही गं. मॉडेल असते.”

“मंग हिचा भारा कुणी बांधला?”

मी हसले. ती हसली नाही.

त्यानंतर वर्षभरात तिनं गावातल्या सात जणींना धरून एक लहान भात भरडायची गिरणी बसवली. आपलं भात आपणच भरडायचं, पोती टेम्पोत घालायची आणि सोसायट्यांच्या फाटकाशी उभं राहायचं. भाव आठ जणींनी जोत्यावर बसून ठरवायचा. मी तिला कागदावर लिहून दिलं होतं की हे का चालणार नाही. सहा मुद्दे होते, नीट क्रमांक घालून. तिनं तो कागद घडी करून देव्हाऱ्यात ठेवला. चालणार नाही म्हणून लिहिलेलं सगळं चाललं. दोन हंगामांत पारावरच्या माझ्या टेबलासमोर चिटपाखरू येईना. कंपनीनं टेबल उचललं आणि मला ऑफिसात कडधान्यांच्या विभागात बसवलं. आता मी हरभरा कुठून येतो ते कॉम्प्युटरवर बघते.

वडील गेल्यावर दोघींच्या वाट्याला एकेक भातखाचर आलं होतं. माझ्या खाचरात मी रोजंदारीच्या बायका लावायची. यंदा लावणीच्या तोंडावर बायकाच मिळेनात. कुणी रिसॉर्टवर, कुणी हिंजवडीला बांधकामावर. रोप पिवळं पडायला लागलं तेव्हा मी धाकटीला फोन केला. तो फोन करायला मला तीन दिवस लागले.

“सावडीत ये की मंग,” ती म्हणाली, जणू चहाला ये म्हणावं तसं.

सावड म्हणजे कामाला काम. तुम्ही माझ्या शेतात एक दिवस या, मी तुमच्या शेतात एक दिवस येते. या बायकांनी जुनी रीत नव्यानं धरली होती आणि तिलाच गिरणी जोडली होती. सावडीत असेल त्याच घरचं भात गिरणीत घ्यायचं. बाहेरच्यानं भात कंपनीला घालावं नाहीतर कुठंही. म्हणजे मी सावडीत नसले तर माझं भात माझ्याच कंपनीच्या पौडच्या काट्यावर न्यावं लागणार होतं. तिथं आता माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा ओल मोजतो.

मी हो म्हणाले. ठरल्या दिवशी आठही जणी आल्या आणि दुपारपर्यंत माझं खाचर लावून मोकळ्या झाल्या. मी बांधावर छत्री घेऊन उभी. जेवण मी हॉटेलातून मागवलं होतं, पनीर आणि तंदूर रोट्या. आमची चुलती, जी सावडीत सगळ्यांत थोरली, ती रोटी ताणत म्हणाली, “पोरी, चप्पल चांगली हाय, पर दातांनी तुटंना.” सगळ्या खिदळल्या. मीही हसले, पण मनात म्हटलं, केवढं महाग पडलंय, तुम्हाला काय माहीत.

माझ्या डोक्यावर आता आठ घरांचे आठ दिवस होते. पहिली पाळी चुलतीच्या खाचराची, बुधवारी. बुधवारी माझी ऑफिसात मीटिंग. मग मी सरळ काम केलं. पिरंगुटच्या नाक्यावर सकाळी मजूर उभे राहतात. तिथून एक धट्टीकट्टी बाई ठरवली, नेहमीपेक्षा जास्त रोज दिला, जीपमध्ये बसवून पाठवली आणि मीटिंगला गेले. मला वाटलं, मी जाऊन काय दिवे लावणार होते? ही माझ्या दुप्पट काम करील. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

दुपारी धाकटीचा फोन.

“आक्का, तू बाई धाडलीस.”

“हो. चांगली आहे ना कामाला?”

“तिला चिखलात उतरूच दिली न्हाई. बांधावर बसवली. च्या पाजला, जेवू घातलं, संगं दोन किलो तांदूळ दिला आन् जीपमधी बसवून दिली.”

“अगं पण का? पूर्ण रोज दिलाय मी तिला.”

“तिला दिलास. काकीला काय दिलंस?”

“काम झालं असतं ना काकीचं!”

पलीकडं फोनच्या ओढाओढीचा आवाज आला आणि चुलती बोलायला लागली. “ऐक पोरी. आमी तुझ्या हितं आलो तवा आमच्यातल्या एकीनं तरी माणूस धाडलं व्हतं का? माझं गुडघं सुजल्यात तरी आले. त्या बाईचा दिस तिचा हाय. त्यो तू इकत घिऊन मला कसा देतीस?”

मी म्हणाले, काकी, ही जुनी पद्धत झाली, हल्ली बदली माणूस चालतो.

“चालत आसंल तुझ्या हापिसात,” ती म्हणाली. “आमी इचार करतो तुला ठिवायची का न्हाई त्याचा.”

फोन ठेवल्यावर मला राग चुलतीचा आला नाही, धाकटीचा आला. कारण तिनं आवाजही चढवला नव्हता, नुसता एक प्रश्न विचारला होता. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. लहानपणी मी शाळेतून आले की तिला शिकवायला बसायची, आणि चुकली की मीही असाच एक प्रश्न विचारून बघत बसायची. ते तिनं माझ्याकडूनच उचललं होतं.

दोन दिवस मी घरात आदळआपट केली. नवरा म्हणाला, सोडून दे, भात कंपनीला घाल. मी त्या पोरासमोर पोतं घेऊन उभी आहे आणि तो यंत्राकडं बोट दाखवतोय, असं डोळ्यांसमोर आलं. साहेबांना सांगून आठ दिवसांची रजा टाकली.

शुक्रवारी चुलतीच्या खाचरावर जाऊन उभी राहिले. बुधवारचा माझ्या वाट्याचा तुकडा त्यांनी तसाच राखून ठेवला होता. धाकटीनं रोपाची मूठ माझ्याकडं फेकली, ती माझ्या हातून सुटून चिखलात पडली. उतरले. तासाभरात कंबर माझी राहिली नाही. बाकीच्या मागं मागं सरकत ओळीनं लावत जायच्या, आणि माझी पात, म्हणजे माझ्या वाट्याची ओळ, अर्धीच राहायची, वर्गातल्या ढ पोरीसारखी. चुलती म्हणाली, “मॅडम, यंत्र आणलं न्हाई का आज? चिखलाची वल मोजली आसती.” ही थट्टा तिनं आठही दिवस पुरवली.

पण मला खरं सोसलं नाही ते वेगळंच. सगळ्या जणी धाकटीला विचारून काम करत होत्या. “बाय, म्या कुठली पात धरू?” “बाय, ह्या कोपऱ्यात पानी जास्त झालं, फोडू का बांध?” माझ्या दुप्पट वयाची चुलतीसुद्धा. आणि ती मान वर न करता, दोन शब्दांत सांगायची. ती खुर्चीत बसली नव्हती. तिच्या हातात यंत्र नव्हतं. गुडघाभर चिखलात वाकून ती ते सांगत होती आणि लोक ऐकत होते. मला चार वर्षं खुर्चीत बसून जे वाटलं होतं की मला मिळालं, ते हिच्याकडं होतं. माझ्याकडं होती ती फक्त खुर्ची.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बांधावर भाकरी खात होते आणि पाहिलं, धाकटी एकटीच खाचरात उतरून माझी पात परत लावत होती. मी ताट ठेवून तिथं गेले.

“कशाला करतेस? सगळ्यांना दाखवायला?”

“रोपं वरच्यावर खोचलीस. पान्यावर आली आसती सांजच्याला.”

“मग मला सांगायचं. मीच लावली असती.”

“तुला काय सांगितलेलं आवडतं व्हय?”

मी तिच्या शेजारी वाकले. दोघी लावत राहिलो. मग कसं कोण जाणे, मी विचारलं, “तुझी शाळा सुटली आणि मी जात राहिले, तेव्हा तुला माझा राग यायचा का गं?”

“यायचा की,” ती म्हणाली. हात थांबला नाही तिचा. “तू यष्टीत चढायचीस आन् म्या शेणाची पाटी घिऊन उभी. लई वाटायचं, यक दगूड हानावा काचंवर.”

“मग?”

“एकदा हानला व्हता. कंडक्टरनी गाडी थांबवली. तूच उतरून पोरांना शिव्या घातल्यास.”

मला ते आठवलं. मी खरंच पोरांना शिव्या घातल्या होत्या. हिच्याकडं बघितलंही नव्हतं.

“आता येतो का राग?”

“कंदी कंदी. तुझ्या घरी पंख्याखाली बसून जीव गार हुतो तवा.” आणि मग, “खोल खोच, आक्का. दोनच काड्या घे.”

कुणीतरी आपल्यावर जळत होतं हे ऐकून बरं वाटावं, हे काही शोभणारं नाही. पण मला त्या दुपारी भाकरी गोड लागली.

शेवटचा दिवस धाकटीच्या खाचराचा होता. काम संपल्यावर पाय धुताना चुलती म्हणाली, “कापणीला हिचं खाचर माझ्या मागं धरा.” एवढंच. मला ठेवलं, असं कुणी म्हटलं नाही. घरी येऊन मी दोन दिवस झोपून होते.

कापणी, झोडणी, सगळ्याला गेले. रजा संपल्या, तेव्हा रविवार घातले. आणि गेल्या महिन्यात तांदूळवाल्या ताईंचा टेम्पो आमच्या फाटकाशी लागला, तेव्हा मी खाली गेले. मीही पोती उतरवायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला बघितलं आणि धाकटीला विचारलं, “या पण तुमच्याच का हो?”

“व्हय, आमच्यातलीच हाय,” धाकटी म्हणाली आणि पुढच्या माणसाला पोतं मोजून दिलं.

त्या बाईंना सांगावं असं माझ्या फार मनात आलं की यातला थोडा तांदूळ माझ्या खाचरातला आहे, मी कापलेला, आणि मी ‘सी’ विंगमध्ये राहते. मी धाकटीजवळ जाऊन हळूच म्हणाले, “माझं पोतं कुठलं यातलं?”

“तुझं आसं न्हाई ठिवलं. समद्यांचं येकाच ढिगात पडतं गिरणीत.”

मी एकेका पोत्याची शिवण बघितली. सगळी सारखीच. शेवटी जे जरा जड वाटलं, ते माझं, असं ठरवून मी ते लिफ्टपाशी ओढत नेलं.