कुंडलच्या डेअरीतली तीन नंबरची डबी

साताऱ्याच्या स्टँडवर सकाळची कराड गाडी धरली तेव्हा माझ्या पिशवीत दोनच गोष्टी होत्या : बायकोने बांधून दिलेली झुणका-भाकरी आणि माझा डिसमिस (स्क्रू ड्रायव्हर). जादा कपडे घेतले नाहीत. भांडायला निघालेल्या माणसाला ते लागत नाहीत.

कुंडलजवळच्या एका दूध डेअरीची यंत्रं मी वीस वर्षं राखली. चालू मोटरवर डिसमिसचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. बेअरिंग आतून झिजू लागलं की बोलतं. ही विद्या मी बोटं चेमटवून घेत मिळवली आणि सुहासला फुकट शिकवली. आठ वर्षं माझ्या हाताखाली काढून त्याने सांगलीत स्वतःची कंपनी उघडली आणि गेल्या वर्षी त्याच डेअरीतल्या चौदा यंत्रांना चौदा डब्या चिकटवल्या. डबी आगपेटीएवढी. आत सेन्सर, खाली लोहचुंबक, वायर कुठेच नाही. यंत्राची थरथर आणि उष्णता मोजायची आणि थेट मोबाइलवर पाठवायची. डेअरीचं वर्षाचं काम त्याला मिळालं. मला शाल आणि नारळ.

निघायच्या दोन दिवस आधी डेअरीच्या मॅनेजर पाटील मॅडमचा फोन आला होता. तीन नंबरच्या पंपाची डबी तीन दिवस लाल दाखवत होती. सुहासच्या माणसांनी पंप खोलला, आत काही निघालं नाही, तरी लाल ते लालच. "विलासदादा, तुम्ही येऊन ऐका. दोष सापडला तर या डब्या काढून टाकते. काम पुन्हा तुमचं."

त्या दिवशी मला एक भाकरी जास्त गेली.

कराडला गाडी बदलायची होती. स्टँडबाहेर एक आजी सीताफळांची टोपली घेऊन बसली होती. मी तिने सांगितल्याच्या निम्मा भाव केला.

"निम्म्यात काय साली देऊ व्हय?" आजी म्हणाली.

मी उठलो, चार पावलं गेलो. तिने हाक मारली. भाव माझाच झाला. पुढच्या गाडीत पिशवी उघडली, तर वरची दोन फळं सोडून बाकी सगळी कच्ची, दगड. भाव माझा, माल तिचा.

कृष्णेचा पूल मागे पडला, ऊस मागे पडला आणि कुंडलचे डोंगर दिसू लागले तशा द्राक्षबागा सुरू झाल्या. नुकत्याच छाटलेल्या, उघड्या. एका बागेत काठीवर पांढरा डबा उभा दिसला. शेजारी बसलेल्या बागायतदाराला विचारलं.

"त्यो व्हय? पानं किती ओली हायत, औषध कवा मारायचं, समदं मोबाइलवर सांगतो."

"मग तुम्ही काय करता?"

"पयलं बायकूचं ऐकायचो, आता त्याचं ऐकतो. आमाला काय, ऐकायचंच हाय!"

सगळी गाडी हसली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. इथेही डबा.

डेअरीच्या फाटकावर जुना फिटर गौसमामा उभा होता. "आलासा? लय दिसांनी!" म्हणत त्याने पिशवी घेतली. मी तीन नंबरच्या पंपाला डिसमिस लावला. पंप झोपलेल्या पोरासारखा शांत होता. मग एकेक यंत्र ऐकत गच्चीवर गेलो. तिथे पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याचा (कूलिंग टॉवरचा) पंखा. मूठ हाडाला लागली मात्र, आत कुणी खडे भरडतंय असा आवाज. अजून दोन-चार दिवसांत हा पंखा अडकला असता, गारवा गेला असता आणि सगळं दूध नासलं असतं.

पंख्यावर डबी होती. बारीक अक्षरात तिच्यावर आकडा होता : तीन.

"मामा, या डब्या कुणी काढल्या होत्या?"

"म्या. खंडेनवमीला हत्यारं धुवायची न्हाईत तर कवा? चौदाच्या चौदा पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आन् पुन्ना चिकटवल्या."

"ज्याची त्याला?"

"आवं दादा, समद्या सारख्याच दिसत्यात की!"

म्हणजे डबी खरंच बोलत होती, फक्त दुसऱ्या घरात बसून. मी खाली आलो आणि मॅडमना म्हणालो, "दोष गच्चीवरच्या पंख्यात आहे. पंपात काही नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. मधलं मी गिळलं.

मॅडमनी माझ्यासमोरच सुहासला फोन लावला आणि त्याला धू धू धुतलं. स्पीकरवर त्याचा आवाज आला : "दादा आल्यात का तिथं? मग दादांचंच खरं. डब्या काढा, मॅडम."

वाद नाही, शंका नाही. माझं टाळकंच फिरलं. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्याने भांडूच नये, हा कुठला न्याय? मी ओरडलो, "अरे गाढवा, तुझी डबी बरोबर होती! नवमीला अदलाबदल झाली. एवढं तुला कळू नये?"

मॅडम हसल्या. गौसमामाने पंख्याची डबी पंपावर आणि पंपाची पंख्यावर नेऊन लावली. उरलेल्या बाराही आकडे बघून घरोघर गेल्या. काम सुहासकडेच राहिलं. माझ्याच तोंडाने ते घालवून मी सांगलीची गाडी धरली.

सुहासचं ऑफिस हळदीच्या गोदामावर. जिना चढतानाच नाकात हळद बसली. त्याने भडंग (मसालेदार चुरमुरे) पुढे केलं. मी हात लावला नाही. मग लावला. भिंतीवरच्या पडद्यावर तीन नंबरच्या डबीची, थरथर दाखवणारी रेघ होती.

"ही उठली कधी?" मी विचारलं.

"दसऱ्याच्या सांजंला. लाल मागनं झाली."

दसऱ्यापासून तो आठवा दिवस होता. मी पंख्याचा आवाज ऐकला होता. तो आवाज फार तर दोन दिवसांचा होता. त्याआधी माझ्या कानाला काही कळलं नसतं. हे त्याला सांगितलं नाही.

"डबी कुठं लावायची हे कोण सांगतं तुला?"

"तुमीच की. जिथं तुमचा डिसमिस, तिथं माझी डबी. दुसरी जागा मला ठावंच न्हाई."

त्याला वाटलं, मला बरं वाटेल. माझा जळफळाट दुप्पट झाला. जागा माझ्या आणि पाटी त्याची. मी उठलो. "एक डबी दे. दाम मागू नकोस." त्याने दिली.

साताऱ्याला परतल्यावर ती डबी मी माझ्या वर्कशॉपमधल्या लेथच्या मोटरला लावली, शेजारी डिसमिस. मोबाइल हिरवा, कान निर्धास्त. चार दिवस आमचं जमलं. काल सकाळी मोबाइलवर पिवळा ठिपका आला. मूठ हाडाला लावून मी तासभर ऐकलं. आवाज स्वच्छ होता.

मोटर खोलली तर पाच मिनिटांत उत्तर मिळेल. पाना काढून ठेवलाय. आज सकाळीही तो तिथेच होता, आणि मी डिसमिस कानाला लावून उभा होतो.