सर्वांत कमी हप्त्याचे घर

आपल्या घराला घरपट्टी कमी लावली म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन भांडलेला माणूस अख्ख्या खानदेशात एकच झाला असेल, आणि ते माझे मामा होते. ग्रामसेवकाने चष्मा काढून दोनदा विचारले, "आबा, लोक पट्टी कमी करा म्हणून येतात. तुम्ही वाढवा म्हणता?" मामा म्हणाले, "त्या लोकेसना घरले पत्रा शे. मन्हा स्लॅब शे! स्लॅबले पत्राना भाव?" शेवटी त्याने कागदावर 'पक्के बांधकाम' हे शब्द मामांच्या डोळ्यांदेखत पुन्हा गिरवले, तेव्हा कुठे ते उठले.

गाव पारोळ्याच्या अलीकडचे, धुळ्याच्या रस्त्याला फाट्यापासून आत. तिथला हा पहिला स्लॅब. तो पडला त्या दिवसापासून मामा वर राहायलाच गेले. सिमेंटची आळी करून पाणी साठवायचे, ते आटू द्यायचे नाही, एवढेच काम. पण मामा ते पोटच्या लेकराला दूध पाजावे तसे करत. कोणी खालून हाक मारली, तर बोट ओठांवर ठेवून सांगत, "हळू! स्लॅब पानी पी ऱ्हायना." पुढे वास्तुशांत झाली, आम्ही राहायला गेलो, तरी त्यांचे कौतुक सरले नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंतीजवळ नेत, बोटाच्या पेराने भिंत ठोकत आणि म्हणत, "कान लाव. आयक." पाहुणा कान लावी. भिंतीतून काय ऐकू यायचे हे आजवर मला कळलेले नाही, पण "वा, आबा!" म्हटल्याशिवाय कोणाची सुटका नसे. एकदा फाट्यावर एका लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी बंद पडली. मामांनी नवरदेवासकट सगळ्यांना घरी आणून जेवू घातले आणि मग ओळीने भिंतीला कान लावायला लावले. मुंडावळ्या बांधलेला तो नवरदेव आमच्या भिंतीला कान लावून उभा आहे, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

मी त्यांच्याकडेच वाढलो. आईने मला शाळेसाठी भावाकडे ठेवले, आणि मामांनी मला पारोळ्याच्या शाळेत व नंतर धुळ्याच्या कॉलेजात घातले. धुळ्याच्या माझ्या खोलीवर एस.टी.च्या कंडक्टरबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा यायचा. डब्यावर मामांनी कोळशाने 'बी. ए.' असे लिहिलेले असे. मी अजून पहिल्या वर्षालाच होतो. खरोखर पदवी मिळाली आणि धुळ्यातल्या एका विमा कचेरीत कारकुनी मिळाली, तेव्हा मामांनी गावात सांगितले की भाच्याच्या सहीशिवाय जिल्ह्यात आता कोणाचे घर जळू शकत नाही.

या बढाईतून मामांच्याच घराचा विमा निघाला. त्यांची मुलगी पहूरला दिलेली. तिचे सासरे, म्हणजे मामांचे व्याही, सागवानी लाकडाच्या जुन्या घरात राहत. एका लग्नात पंगतीला बसल्यावर ते सहज म्हणाले की आमच्या घराच्या विम्याचा हप्ता मोठा असतो बुवा. मामांच्या हातातला घास तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते माझ्या कचेरीत हजर. "भाचा, मन्हा घरना विमा काढ. आन हप्ता व्याहीनापेक्षा मोठा पाहिजे."

मी त्यांना हळूच सांगितले की हप्ता मी ठरवत नाही, साहेब येऊन घर पाहतात. मामा खूश झाले. पाहायला येणार म्हणजे मोठाच लागणार.

आमचे तपासणीचे साहेब नाशिककडचे, तरुण आणि मितभाषी. मी त्यांना घेऊन गेलो तो दिवस कापूसवेचणी संपता संपताचा होता. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस घरातच भरून ठेवायची रीत. ज्याच्या पुढच्या खोलीतला ढीग आढ्याला टेकला तो सुखी, असा गावाचा हिशेब. मामांनी साहेबांच्या मानासाठी तो मुद्दाम रचून स्लॅबला टेकवला होता आणि वर हारही घातला होता. साहेब दारातच थबकले. मामांना वाटले, दिपले.

भरीत-भाकरी झाली, भिंतीला कान लावून झाला, आणि साहेबांनी विचारायला सुरुवात केली. भिंती कशाच्या? "पक्क्या विटाना!" छप्पर? यावर मामांनी फक्त वर बोट दाखवले. वायरिंग? नवे. नाला? लांब, आणि जोते उंच. प्रत्येक उत्तराला साहेब मान डोलवत होते आणि मामांची छाती फुगत होती. घराच्या किमतीवर मात्र वाद झाला. विम्यात जागेची किंमत धरत नाहीत, घर पडले किंवा जळले तर पुन्हा उभे करायला जो खर्च येईल तेवढाच धरतात, हे काही मामांना पटेना. "आन मी पानी मारं, ते? ते कोठे लिखतस?" साहेब म्हणाले, "ते स्लॅबमध्येच आलं, आबा." या उत्तराने मामा इतके संतुष्ट झाले की त्यांनी साहेबांना आणखी एक भाकरी वाढायला लावली.

मग साहेबांनी सांगितले की असे नवे, विटांचे आणि स्लॅबचे घर असले की हप्ता कमी बसतो.

"कमी?" मामांचा आवाज बसला. "व्याहीना लाकडी घरपेक्षा?"

"त्यापेक्षा बराच कमी. पण तुम्ही घरात कापूस ठेवता, त्याला दर निराळा. तो धरला तर हप्ता खूप वाढेल."

"मंग धरा ना!" मामा उसळून उठले. "बठ्ठा धरा! भाचा, मांगली खोलीमा रॉकेलना डबा शे, तोबी दाखाड साहेबले!"

माझी मान खाली गेली. माझ्याच मामांनी माझ्याच साहेबांपुढे आपल्या घरातले धोके बाजारात माल मांडावा तसे मांडायला घेतले होते. साहेब हसले नाहीत, याचे उपकार मी आजही मानतो. एवढ्यात चहा घेऊन आलेली मामी दारात उभी राहिली. ती पाहुण्यांपुढे सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "तुमले हप्ता मोठा पाहिजे का घर पाहिजे? जुनं घर इसरनात का?"

जुने घर मला आठवते. माती-लाकडाचे होते, आणि त्यातही कापूस असाच भरलेला होता. चिमणीची ठिणगी उडाली आणि बघता बघता सगळे गेले. माणसे बाहेर आली, गुरे सोडली, आणि मामा पुन्हा आत शिरले. मामी ओरडत राहिली. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या भुवया जळाल्या होत्या आणि छातीशी माझे शाळेचे दप्तर होते. लोकांनी शिव्या घातल्या, की अहो, निदान एखादे गाठोडे तरी काढायचे कापसाचे. मामा म्हणाले होते, "कापूस परत पिकी. पोऱ्यानं दप्तर कोठून आनसू?" त्यानंतर विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत आम्ही कितीतरी दिवस काढले. हे विटांचे घर तिथेच, जमिनीवर काडीने आखून, ठरले होते.

मामा खाली बसले. मग त्यांनी साहेबांना विचारले, "म्हंजे हप्ता मोठा, तठे तुमले भ्याव वाटस?"

"हो, आबा. जिथं जळायची भीती जास्त, तिथं हप्ता जास्त."

"आन मन्हा घरनं?"

"कापूस काढला, तर फारशी नाही."

मामांनी भिंतीकडे पाहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हंजे सरकारी मानूसबी सांगस, हाई घर जयाले तयार नही." साहेब सरकारी नव्हते, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामांनी बैलगाडी जुंपली. स्लॅबला टेकलेला तो सगळा ढीग हारासकट गावातून मिरवत मळ्यातल्या विहिरीवरच्या खोलीत गेला. पारावरचे लोक ओरडले, "आबा, कापूस मयामा आन मानसं घरमा, आसं कोठे ऱ्हास का?" मामांनी गाडी थांबवली, टोपी सरळ केली आणि ठणकावून सांगितले, "मन्हा घरना हप्ता जिल्हामा बठ्ठास्मा कमी शे!" त्यानंतर ते पहूरला मुद्दाम जाऊन आले. व्याह्यांचा हप्ता किती, हे विचारून त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि त्यांना घराला जपून राहायला सांगितले. पुढच्या हंगामात पहूरच्या त्या लाकडी घरातूनही कापूस हलला, असे मामेबहिणीने कळवले.

मामांना जाऊन आता काही वर्षे झाली. भिंत ठोकायच्या जागी रंगाचा एक टवका उडालेला आहे, मामी तिथे रंग लावू देत नाही. मध्यंतरी मी धुळ्यात देवपूरला स्वतःचे छोटे घर बांधले. आमच्याच कचेरीतला नवा मुलगा पाहणीला आला. भिंती, छप्पर, वायरिंग, शेजार, सगळे त्याने विचारले, आणि म्हणाला, "सर, तुमचा हप्ता अगदी कमी बसेल." मी "बरं" म्हणालो. एवढी मोठी बातमी, आणि ती गावभर ओरडून सांगणारे कोणी नव्हते. तो गेल्यावर मी दार लावले, बोटाच्या पेराने भिंत ठोकली आणि कान लावून बराच वेळ उभा राहिलो.