मोगऱ्याचा ताण

दिवाळी झाली की वीटभट्टीची गाडी आमच्या पाड्यावर येते. गेल्या वर्षी धाकटा भाऊ तिच्यात बसला नाही, कारण मी त्याला थांबवलं होतं. फुलं विकून घर चालेल म्हणून जव्हारच्या प्रशिक्षणात माहिती घेऊन मोगऱ्याची रोपं मीच आणली होती. घरामागच्या उन्हाच्या उतारावर ती आता गुडघ्याएवढी, गच्च झुडपं झाली होती. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा शब्द त्यानं मानला. भट्टीवर मजूर नेणारा मुकादम मात्र सांगून गेला होता, "शिमग्यापर्यंत जागा ठेवतो." भावाची भट्टीची पिशवी, आत पातेलं आणि चादर, खुंटीवर तशीच होती.

मोगऱ्याला भरपूर फुलं यायची तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग छाटणी करून खतपाणी द्यायचं. भावानं पाणी बंद केलं. दर शनिवारी मी जव्हारच्या नोकरीवरून जीपनं यायची आणि आधी उतारावर जायची. पानं हिरवीगार. पुढच्या शनिवारीही हिरवीगार.

"ताई, तुझ्या पुस्तकातला मोगरा वेगळा असंल," भाऊ हसून म्हणाला. नजर मात्र खुंटीकडं गेली.

मी परत उतारावर जाऊन झुडपाच्या बुडाशी बोट खुपसलं. वरची माती कोरडी, आत ओल. घरात आई चुलीपाशी तांदूळ निवडत होती.

"आई, तू पाणी घालतेस?"

"तांदळाचं धुवण. फेकायचंच ते."

"अगं, फुलं नाही यायची अशानं!"

"पानी हाताशी असून तहानलेल्याला द्यायचं नाय? ही कोनती साळा?"

विहीर आटल्यावर झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरत तिनं कितीतरी उन्हाळे काढले होते. मला पाणी भरायला न लावता शाळेत धाडलं होतं. तिला काय बोलणार? पण शिमगा जवळ येत होता.

तोड तिनंच काढली. "मला मोखाड्याला बहिनीकडं सोडा. डोळ्यांनी बघितलं तर देनारच मी."

ती गेली आणि पानं पिवळी पडून गळाली. नुसत्या काटक्या उरल्या. आता वेगळीच धास्ती: मेली तर? मावशीच्या फोनवरून आई विचारायची, "जित्ती हायेत ना?" मी हो म्हणायची. मला ठाऊक नव्हतं.

छाटणीच्या दिवशी आई परतली. पहिला हंडा तिनंच ओतला, झुडपागणिक थांबत. पालवी फुटली, पण कळी दिसेना. मी शिमग्याच्या सुटीला घरी होते, तेव्हा मुकादमाचा फोन आला. भाऊ म्हणाला, "उद्या सांगतो."

सकाळी आईनं आम्हाला उतारावर बोलावलं. शेंड्यांना तांदळाएवढे हिरवे दाणे धरले होते. सगळ्या झुडपांना नव्हते.

"एवढ्याच्या भरवशावर थांबायचं, ताई?" भाऊ म्हणाला.

आई घरात गेली, खुंटीवरच्या पिशवीतलं पातेलं काढून राखेनं घासत बसली.

"थांबायचं का काय विचारतोस? कळ्या खुडायला भांडं नको?"