उपवासाचे ताट

"यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत," डॉक्टर मला म्हणाले. पत्नी शेजारीच बसली होती. तिने पदर सावरला आणि विचारले, "मग स्वयंपाक कोण करीन?"

क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात न गाळता राहिलेला कचरा दाखवणारा आकडा, फार वाढला होता. डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळून परत शरीरात सोडणे, आठवड्यातून दोनदा ठरले. पोटॅशियमविषयी डॉक्टरांनी निक्षून बजावले. हा क्षार रक्तात साचला तर हृदय बंद पडते.

वर्ज्य पदार्थ मी सुवाच्य अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावले: केळी, बटाटा, रताळे, शेंगदाणे, नारळपाणी. वर मथळा दिला, 'जेवणातील पथ्य'. मी आयुष्यभर कचेरीत होतो. मथळ्याशिवाय कागद मला अपुरा वाटे.

दर मंगळवारी यवतमाळहून कळंबला जाऊन चिंतामणी गणपतीच्या जमिनीखालच्या देवळाच्या पायऱ्या उतरत असे. मागणे एकच होते. प्रत्येक नवा रिपोर्ट आधीच्यापेक्षा वाईट येई.

त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेली माणसे रोज दवाखान्यात येत. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची एक बाई बाकावर माझ्याशेजारी बसे. तिचा नवरा आत व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर होता. माझ्या कपाळावरचे गंध पाहून ती म्हणाली, "काकाजी, देवाजवळ जाताच तर माह्या मालकाचाबी नंबर लावून द्या." मी लावला.

पुढे संकष्टी आली. सकाळी पत्नी म्हणाली, "अहो, यावेळची राहू देऊ का? जीव घाबरल्यासारखा होऊन राह्यला."

"इतक्या वर्षांचे व्रत आताच मोडायचे नाही," मी म्हणालो. फराळाचे ताट मीच वाढले. यादी भिंतीवर समोर होती. पण ती जेवणाची होती, आणि उपवासाला जेवण म्हणण्याची आमच्या घरी रीत नाही.

चंद्रोदयाआधीच तिचे हातपाय गळाले. दवाखान्यात ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढला. डॉक्टरांनी तो पाहून मला विचारले, "आज काय खाल्लं यांनी?"

"काही नाही. उपवास होता."

"उपवासाला काय खाल्लं, काका?"

"उकडलेले रताळे. दाण्याची आमटी. एक केळे."

त्यांनी पेन खाली ठेवले. तातडीने डायलिसिस लावले. दोष दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी त्या बाईचा नवरा स्वतःच्या पायांनी बाहेर आला. तिने माझ्या हातावर साखर ठेवली. "तुमच्या देवानं आमचाच नंबर आधी घेतला, काकाजी. आता काकीचा घेईन." साखर मी तोंडात टाकली. चव आठवत नाही.

पत्नी तिसऱ्या दिवशी गेली. सकाळी एवढेच म्हणाली, "अहो, चंद्र पाहायचा राहिला."

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी उपवासाचे ताटही डॉक्टरांना विचारावे. पथ्याच्या कागदाखाली मी नंतर लिहिले, 'उपवासालाही लागू'. त्याच्या प्रती डायलिसिसच्या खोलीबाहेर नेऊन देतो. काही जण घडी करून खिशात ठेवतात. वाचतात की नाही, ठाऊक नाही.

श्रद्धा राहिली का, असे आप्त विचारतात. देवाने माझे ऐकले नाही, असे मी वर्षभर म्हणत होतो. तिने संकष्टीच्या सकाळी माझ्याजवळ मागितले ते मीही ऐकले नव्हते. यापुढे मला विचार करवत नाही.

कळंबला अजून जातो. पायऱ्या उतरतो, हात जोडतो. मागत काही नाही. संकष्टीला चंद्र दिसला की आधी तिच्या नावाने पाणी सोडतो आणि मग जेवतो. तिचा उपवास सुटायचा राहिला आहे.