भाऊंनी विचारलं, कोणाचं घड्याळ वाजतंय?

काल वसुबारस झाली. आमच्या डाळ मिलमध्ये त्या दिवशी मुगाचं मशीन बंद असतं, कारण उपवासाला मूग चालत नाही. आणि संध्याकाळी पूजेच्या वेळी तर अख्खी मिलच बंद...

जळगावच्या एमआयडीसीत असं करणारे आमचे मालक एकटेच असतील. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांची स्वतःची गोशाळा आहे, आणि दर वसुबारसेला तिथून एक गाय-वासरू टेम्पोतून मिलमध्ये येतं. बायका ओवाळतात, आपापल्या लेकरांसाठी मागतात. मी ऑफिसात बसते, पण त्या दिवशी मीही पदर खोचून रांगेत असते.

भाऊ माणूस चांगला. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी त्यांना शिव्या घालाल... माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांच्यामुळे झालं. मिलचा एक दवाखान्याचा फंड आहे. दर महिन्याला आमच्या पगारातून थोडे जातात, बाकी सगळे भाऊ घालतात. सहीसुद्धा त्यांचीच.

आता वैशालीचं सांगते. ही आमच्या पॅकिंगमधली. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी, 'आहे'ला 'शे' म्हणणारं, आणि हसणं असं की गेटवरच्या वॉचमनला ऐकू जाईल. नवरा मेहरूणला रिक्षा चालवतो. लग्नाला फार दिवस झालेले नव्हते, आणि दोघांना मुलाची भारी हौस. माझ्या भाचीची लहान झालेली झबली तिनं आधीच मागून नेली होती. काय घाई गं तुला, म्हणून आम्ही चिडवायचो.

मागच्या वर्षी तिला धाप लागायला लागली. लहानपणीच्या कुठल्याशा तापानं हृदयाची झडप खराब झाली होती, ती बदलायची होती. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक धातूची. ती टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि त्या गोळीवर मूल होऊ देणं जोखमीचं. दुसरी जनावराच्या हृदयावरच्या पडद्यापासून बनवलेली. ती काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागते, पण जन्मभराची गोळी नाही, मुलाची आशा राहते. वैशालीनं एका मिनिटात दुसरी सांगितली.

ते जनावर म्हणजे गाय होती...

भाऊंनी डॉक्टरांना स्वतः फोन करून विचारलं. फोन ठेवला. मग वैशालीपुढे त्यांनी हात जोडले. वयानं बापाएवढा माणूस, डोळ्यात पाणी. म्हणाले, "बेटा, धातूची बसव. लागेल तेवढं करतो. पण गाय कापून आणलेल्या वस्तूवर माझी सही नाही होणार."

मी मध्ये पडले. म्हटलं, "भाऊ, फंडात तिचेही पैसे आहेत. आणि तिचा देव तिला नको म्हणत नाहीये." ते म्हणाले, "ताई, मला वर जाऊन तोंड दाखवायचंय." राग आला, खूप आला. पण ते नाटक करत नव्हते, हेही दिसत होतं.

इकडे-तिकडे खूप विचारलं. सरकारी योजनेचं पाहिलं, नातेवाइकांना सांगितलं. जमलं नाही, आणि धाप काही थांबायला तयार नव्हती. शेवटी धातूची बसली. सगळा खर्च फंडातून झाला. भाऊ रोज नारळपाणी घेऊन हॉस्पिटलात यायचे. मी तिच्या उशाशी बसून रडले तर तीच मला म्हणाली, "रडू नको वं ताई, जीव तं वाचना ना."

झबली तिनं धुऊन, घडी करून मला परत दिली. तेव्हा मात्र ती हसली नाही.

तर काल. मशिनं बंद झाली, सगळे अंगणात जमले. गाय शांत उभी होती, वासरू तिच्या पोटाशी. भाऊंनी तबक हातात घेतलं. एवढी शांतता मिलमध्ये एरवी कधीच नसते... आणि त्या शांततेत आवाज यायला लागला. टिक, टिक, टिक.

मला कळलं होतं. त्या झडपेचा असा आवाज येतो, डबा खाताना शेजारी बसलं की मला ऐकू येतो. भाऊंना माहीत नव्हतं. इकडे तिकडे बघत त्यांनी सहज विचारलं, "कोणाचं घड्याळ वाजतंय?"

मी खाली बघत राहिले.

मागून वैशाली म्हणाली, "घड्याळ नही भाऊ. मी शे."

भाऊ मागे वळले, ओवाळायला उचललेलं तबक त्यांनी खाली घेतलं. मग वैशालीच पुढे आली. तबक त्यांच्या हातून घेतलं, गाईला हळद-कुंकू लावलं, वासराला लावलं, आणि वासराच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. गाय तिचा तो हात चाटत होती.

मीही ओवाळलं. लहानपणापासून ही पूजा करतेय, माया तीच आहे. पण हात जोडल्यावर यंदा काय मागावं ते सुचेना. माझ्या लेकीसाठी मागायलाही लाज वाटली.

आज सकाळी मुगाचं मशीन परत सुरू झालं. त्या घरघरीत कोणाचंच काही ऐकू येत नाही. भाऊ मात्र पॅकिंगच्या दारात येऊन उभे होते... आत न येता, कान देऊन.