काडतूसवाले चाचा

बंदुकीची गोष्ट म्हटली की तुम्ही वाघ शोधायला लागणार. शोधू नका, या गोष्टीत वाघ नाही. आहेत ते आमच्या मूल गावचे काडतूसवाले चाचा, ज्यांच्या हाताखालून अख्ख्या चांदा जिल्ह्यातली बंदुकीची दारू गेली असेल, पण ज्यांनी जन्मात एक बार उडवला नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की कानात कापूस घालून बसायचे.

रानडुकरं हाकलायला परवान्याची बंदूक ठेवणारे शेतकरी वापरलेली पितळी काडतुसं त्यांच्याकडे परत भरायला आणत. चाचांजवळ कुण्या साहेबाच्या खानसाम्याकडून मिळालेली जुनी वही होती. कोणत्या बंदुकीला किती दारू, वर घोंगडीची कोणती चकती, किती छर्रे, हे त्यात पुलावाच्या कृतीसारखं लिहिलेलं. पाठ असूनही ते दरवेळी चष्मा लावून वाचत. आभाळ आलं की दुकान बंद. बिडीवाल्याला रस्त्यापलीकडूनच सलाम. चाचीशी भांडण झालं त्या दिवशीही काम नाही. "रागात हात जड होते, मिया," म्हणत. ते जोडपं बघता वर्षाला फार काडतुसं भरली जात नसत.

मी तेव्हा राइस मिलमध्ये लागलो होतो, सुटलो की चाचांच्या दुकानात येऊन बसायचो आणि गावातल्या सगळ्यांच्या नकला करायचो. चाचांची नक्कल तर माझा हातखंडा. दारू आत गेली की ते नाकातून सूर लांबवून आकडा म्हणत, मग चकती दाबत. आकडा कानावर पडला म्हणजे दारू पडली, असा त्यांचा हिशोब.

धान कापणीला आलं होतं. लहानूभाऊ नावाचे शेतकरी चोवीस काडतुसांसाठी येऊन बसले होते. डुकरांनी दोन बांध्या भरून उभं धान लोळवलं होतं, अंधारायच्या आत त्यांना मचाण गाठायचं होतं. चाचांनी दारूच्या चोवीस पुड्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. सोळा भरून झाली. चाचा चष्मा पुसायला थांबले, आणि मी मागून त्यांच्याच आवाजात म्हणालो, "सतराऽऽ." लहानूभाऊ खुदकन हसले. चाचांनी चष्मा चढवला, मुकाट सतराव्यात चकती दाबली आणि अठरावं घेतलं. मी गंमत बघत गप्प राहिलो.

शेवटी एक पुडी उरली.

चाचांनी ती पुडी तळहातावर घेतली. बराच वेळ बघत राहिले. मग वही मिटली आणि लहानूभाऊंना हळूच म्हणाले, "भाऊ, हे नेऊ नका. डुक्कर अंगावर येईन अन् बार नाई होणार. माहं डोकं गेलं आता. दुसरा माणूस पाहा."

माझं हसू तिथंच वाळलं. मी सांगून टाकलं. त्यांनी सतरावं उघडलं, ते दारूविना कोरडंच निघालं. तरी उरलेली तेवीसही त्यांनी उघडली आणि मला समोर बसवून पुन्हा भरली. लहानूभाऊ दिवेलागणीला कसेबसे निघाले. मग चाचांनी मला झाडलं. ओरडले नाहीत, हेच वाईट.

"दहा वर्सांपासून मी भेतो, का एक दिवस डोकं दगा देईन. आज मले वाटलं, दिलाच. तेवढ्या वेळात चाचीले काय सांगायचं तेबी ठरवलं होतं म्या. नक्कल कर, चौकात कर, माह्या तोंडासमोर कर. पर मोजतानी माहा आवाज माह्यापाशी राहू देत जा, बेट्या. मले दुसरा कोणाचा भरोसा नाई."