सुभेदार आबांचा कट

सुभेदार आबांना कुठलीही बातमी सांगायला गेलं की ते आधी विचारायचे, "बघितलंस का ऐकलंस?" ऐकलेली असली तर म्हणायचे, "मग सावकाश सांग. घाई न्हाई."

कोरेगावजवळच्या त्या गावात मी तेव्हा नवा शिक्षक होतो. आबा पलटणीत नेमबाजी शिकवून निवृत्त झालेले. दस्तगीरचाचांच्या शिवणकामाच्या दुकानात दोघांचा रोजचा वाद एकच: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला मारणारा एकटा होता की तो कट होता? खुनाला बारा वर्षं होत आली होती, वाद मात्र ताजा.

"चालत्या मोटारीवर एकटा गडी सात-आठ सेकंदात तीन गोळ्या झाडंल? शक्यच न्हाई!" आबा ठासून सांगायचे.

"आवं सुभेदार, दहा जणांत गुपित ऱ्हातं व्हय?" चाचा सुईत दोरा ओवत म्हणायचे. "आपल्या गावात दोघांत ऱ्हात न्हाई."

एका रविवारी आबा म्हणाले, "करूनच बघू." शाळेच्या गच्चीवर ते काठी खांद्याला लावून बसले. मी घड्याळ धरलं. खालच्या रस्त्यानं चाचा सायकलवरून गेले. आबांनी तीनदा नेम धरला.

"किती?"

"सात सेकंद."

पुन्हा केलं, पुन्हा सातच. आबा खाली आले आणि भर रस्त्यात म्हणाले, "जमतंय गड्या. तसंच झालं आसंल आसं न्हाई. पण शक्यच न्हाई म्हणत हुतो, ते चुकलं."

दिवस आणीबाणीचे. त्याच आठवड्यात त्या रस्त्यानं मंत्री जायचे होते. कुणीतरी कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पोलीस आबांना घेऊन गेले. दुपारपर्यंत काठीची बंदूक झाली होती. नोकरी जाईल या भीतीनं मी घरात बसून राहिलो. चाचा मात्र गळ्यातली टेपही न काढता चौकीत गेले. "साहेब, नेम माझ्यावर हुता. माझी काय तक्रार न्हाई."

दोन दिवसांनी आबा सुटले. मी खाली मान घालून भेटायला गेलो. त्यांनी माझं नाव कुठंच घेतलं नव्हतं. माझ्यावर रागही नव्हता. उलट खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "मास्तर, गावात माझ्याबद्दल काय काय उठलंय? समदं सांगा. कट कसा तयार हुतो ते आतनं बघायला मिळतंय, लय झालं!"

तीन वर्षांनी आबा गेले. स्मशानातून परतताना एक जण हळूच म्हणाला, "माणूस चांगला, पण मंत्र्याला उडवणार हुता."

"खोटं आहे ते. मी स्वतः होतो त्या गच्चीवर." मी पहिल्यांदाच बोललो.

तो थबकला. मला खालीवर न्याहाळत म्हणाला, "म्हंजे मास्तर, तुमीबी त्यात हुता?"